समेच्या आधी

गाणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. गळा जन्मताच मिळालेला असतो आणि मिजास मात्र अशी, की जणू स्वतः लेथवर उभं राहून घडवलाय. पेटीवाला बोटं झिजवतो. हार गाणाऱ्याला, फोटो गाणाऱ्याचा, आणि कार्यक्रम संपल्यावर ‘पेटीवर कोण होतं?’ असं विचारलं तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. सहा वर्षं गायन पार्टीत आणि सात वर्षं ऑर्केस्ट्रात मी हे सोसलं. मग ठरवलं, आता एकट्याने वाजवायचं. गाणारा नको, ढोलकी नको, निवेदक तर नकोच. मी आणि पेटी.

ही गोष्ट त्या एकट्याने वाजवण्याची आहे. म्हणजे मी एकटाच वाजवतोय असं मला तरी वाटत होतं.

मी विलास ओव्हाळ. चौसष्ट साली पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला लागलो. कारखान्याचं नाव सांगत नाही, अजून तिथलीच भाकरी खातो. माझ्याच प्रेसवर ज्ञानदेव होता, मूळचा निघोज्याचा, बायकोला घेऊन आमच्याच वस्तीत खोली करून राहिलेला. त्याचा आवाज कारखान्याच्या भोंग्यावरून पलीकडे जायचा, हे मलासुद्धा कबूल करावं लागतं. आम्ही दोघांनी पार्टी काढली. जयंती, बुद्धपौर्णिमा, लग्नं, बारशी, कुठे देहूरोड, कुठे चाकण, कुठे पार खेड. तो गायचा आणि मी साथ करायचो.

साथ म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाणारा ओळ म्हणतो आणि पेटीवाला तिच्या मागून जातो, अर्धं पाऊल मागे. त्याच्या पुढे कधी जायचं नाही. तो श्वास घेईल तेव्हा बोट उचलून थांबायचं. सगळे भेटतात ते समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर. पण कोणत्या समेवर भेटायचं ते गाणारा ठरवतो. ज्ञानदेवला लहर आली की तो सम सोडून द्यायचा, ओळ आणखी एक फेरा लांबवायचा, आणि आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत ताटकळायचो.

प्रेसवरही आमचं तसंच चालायचं. मोठ्या पत्र्याला दोन माणसं लागत. ज्ञानदेव पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, नीट बसवून हात बाहेर काढायचा, मग मी पायाने पॅडल दाबायचो आणि वरून ठोका पडायचा. नियम असा, की हात बाहेर आला की पत्रा लावणाऱ्याने ‘हां’ म्हणायचं. ते ‘हां’ आम्ही केव्हाच सोडून दिलं होतं. ज्ञानदेव गायचा. ओळ चालू असताना पत्रा बसवायचा, ओळ संपली की समेला हात बाहेर, आणि समेलाच माझा पाय. सुपरवायझर खूश, कारण आमच्या प्रेसचा माल सगळ्यांत जास्त निघायचा. दुसऱ्या लाइनचे कामगार जेवणाच्या सुट्टीआधी बघायला येऊन उभे राहायचे. आमच्याएवढा ताल पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाला नाही, अशी आमची समजूत होती.

तिथंच, त्या ठोक्यावर त्याने एक गाणं रचायला घेतलं.

*भाकर बांध गं, पहिल्या पाळीला जातो,*
*दिवा नको मालवू, मी माघारी येतो.*

असं त्याचं धृपद. स्टेजवर त्याने ते कधी म्हटलं नाही. “अजून पुरं व्हायचंय, भावा,” म्हणायचा. रोज एखादी ओळ वाढायची. प्रेसच्या आवाजात ते माझ्याशिवाय कुणाच्या कानावर गेलं नाही, आणि घरी त्याच्या बायकोच्या, कस्तुरावहिनींच्या. शेवटच्या कडव्याची शेवटची ओळ तेवढी राहिली होती.

एकाहत्तरच्या मार्चमधली गोष्ट. आदल्या दिवशी खेडला आमचा कार्यक्रम झाला होता. ज्ञानदेवला चार हार पडले. कमिटीचा एक माणूस माझ्याकडे आला, मला वाटलं आता मला नारळ देतो, तर म्हणाला, “पेटी उचला अन् टेंपोत ठेवा, तुमचंच काम ना ते?” ज्ञानदेव हसला. वाईट हसला नाही, पण हसला. सकाळी पहिल्या पाळीला मी गाल फुगवूनच आलो. तो मात्र मजेत होता. म्हणाला, “इलास, शेवटची ओळ गावली बघ. ऐक.”

तो गात होता, पत्रा बसवत होता. सम आली आणि त्याने ती सोडली. ओळ त्याने लांबवायला घेतली होती. ती संपली नव्हती हे मला कळत होतं. सहा वर्षं त्याच्या मागून चालल्यावर एवढं कळणार नाही तर काय. पण मनात आलं, याची वाट किती बघायची? आणि मी समेला आलो.

मुद्दाम केलं असं नाही. कळत नव्हतं असंही नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मी पुढची दहा वर्षं काढली.

त्याची उजव्या हाताची चार बोटं गेली. जखम चिघळली आणि नवव्या दिवशी पुण्याच्या दवाखान्यात तो वारला. चौकशीत साहेबांनी विचारलं, पॅडलवर पाय कुणाचा होता? मी म्हणालो, त्याचाच. मी तेल आणायला गेलो होतो, त्याने घाईत एकट्यानेच चालवलं असेल. ‘कामगाराची स्वतःची चूक’ असा शेरा पडला. कस्तुरावहिनी तीन वर्षांच्या पोराला घेऊन निघोज्याला परत गेल्या. त्या जाताना मी दुसऱ्या पाळीला नाव लावून घेतलं होतं.

पार्टी मोडली. आमच्या स्टोअर्समधल्या बबनरावांनी ऑर्केस्ट्रा काढला, त्यात मी शिरलो. अकॉर्डियन गळ्यात अडकवलं, पुढे ऑर्गन आला. सिनेमाची गाणी, चकचकीत शर्ट, आणि समोर पुन्हा गाणारेच. बबनराव साताऱ्याकडचे, मनाने मोकळे. एकोणऐंशी साली मी त्यांना म्हणालो, मला एकट्याला वाजवायचंय. ते म्हणाले, “विलासराव, कुणी ऐकलं नाही तर माघारी या.”

चिंचवडच्या एका गणेश मंडळात माझा पहिला स्वतंत्र कार्यक्रम झाला. ऑर्गन बाजूला ठेवला आणि जुनी पेटी काढली. तासभर लोकांच्या ओळखीच्या चाली वाजवल्या आणि शेवटी जाहीर केलं, “आता माझी स्वतःची एक धून.” ती ज्ञानदेवच्या गाण्याची चाल होती. शब्द कुणी ऐकलेच नव्हते, मग चाल माझी म्हणायला मला कोण अडवणार? तरी चोराच्या मनात चांदणं असतं ते काही खोटं नाही.

वाजवता वाजवता मान वर केली तर लोक माझ्याकडे बघत नव्हते. सगळ्यांचे डोळे माझ्या डाव्या खांद्याशेजारी लागले होते, पार्टीत ज्ञानदेव बसायचा तिथे. मी वळून पाहिलं. तिथे सतरंजी होती आणि मंडळाचा पंखा.

कार्यक्रम संपल्यावर मंडळाच्या सुमनताई चहा घेऊन आल्या. “पेटी फार गोड. पण गाणाऱ्याला पडद्यामागे का बसवलंत? आवाज नुसता शेजारून आल्यासारखा येत होता. एकदा समोर तरी आणायचं.”

मला वाटलं, बाई माझी फिरकी घेतायत. मी म्हणालो, “गाणारा नव्हताच.” त्या हसल्या आणि कप घेऊन गेल्या.

नंतर देहूरोडला बुद्धविहारापुढे वाजवलं. तिथे नानासाहेब म्हणून एक म्हातारे, जुने मिलिटरी डेपोतले, काठी टेकत पुढे आले. माझ्याकडे न बघता शेजारच्या मोकळ्या जागेला त्यांनी हात जोडले. मग मला म्हणाले, “गाणं कुणाचं हाय? आमच्या घरातलंच वाटलं. भाकर बांध गं, पहिल्या पाळीला जातो.” आणि पुढची ओळही त्यांनी म्हटली, दिव्याची, एक अक्षर न चुकता.

हे शब्द फक्त तिघांना ठाऊक होते आणि त्यातला एक गेला होता. मी म्हणालो, “बाबा, शब्द तुम्हाला कुणी सांगितले?” ते माझ्याकडे चक्रमाकडे बघावं तसं बघत राहिले. “आत्ता म्हटलं की त्यानं. पण दमानं घ्याया सांगा त्याला. शेवटाला ओळ तोडतो.”

त्या दिवसापासून मी कार्यक्रम कमी केले. बबनरावांना सगळं सांगितलं, म्हणजे ऐकू येणारं सांगितलं, पॅडलचं नाही. ते टेप-रेकॉर्डर घेऊन माझ्या घरी आले. रविवारची सकाळ, दारात लखलखीत ऊन. मी धून वाजवली, त्यांनी टेप केली आणि मग आम्ही ती ऐकायला बसलो.

मला नुसती पेटी ऐकू आली. आणि ती ऐकताना मला पहिल्यांदा जाणवलं, की मी एकट्याने वाजवतच नाहीये. ओळीच्या सुरुवातीला माझी बोटं थांबत होती, मग अर्धं पाऊल मागून निघत होती. मधेच श्वासाएवढी जागा सोडत होती. मी आयुष्यभर केली ती साथच करत होतो. फक्त जिची साथ करायची ती ओळ मला ऐकू येत नव्हती.

बबनराव मात्र टेपकडे कान लावून बसले होते. “हा बघा,” ते म्हणाले. “आता इथं तुटेल.” टेपवर माझा षड्ज खणखणीत वाजला. “तुटला. ओळीच्या मधेच, कुणी तोंडावर हात ठेवावा तसा. विलासराव, हा माणूस कोण आहे?”

त्यांनी कॅसेट काढून माझ्या हातात दिली, मशीन उचललं आणि निघून गेले. पुढे कॅन्टीनमध्ये भेटले तरी त्यांनी तो विषय काढला नाही.

आत चुलीपाशी माझी बायको सरू भाकऱ्या थापत होती. मी तिला विचारलं, “तुला काही ऐकू आलं?”

तिने हात थांबवला नाही. “रोजच येतंय की. तुमी पेटी काढली की ज्ञानदेवभाऊ गात्यात. दोन वर्सं झाली.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं, तुमाला ठावं हाय. त्यांच्याच जोडीला वाजवता, असं वाटायचं.”

मी पेटी कपड्यात बांधून माळ्यावर टाकली. भीती ज्ञानदेवची नव्हती. मेलेला माणूस गातो तर गाऊ दे, गाणाऱ्यांना गाण्यावाचून करमत नाहीच. मला भीती वाटत होती ती एकाच बाईची. हे गाणं तिच्या कानावर गेलं तर ती काय ओळखेल, याची. समेला माझा पाय पडतो, हे ज्ञानदेव तिला घरी कौतुकाने सांगायचा.

एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात दुपारी दार वाजलं. कस्तुरावहिनी उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते, पायांवर धूळ. नानासाहेब त्यांच्या नात्यातले निघाले. त्यांनी एका लग्नात गाण्याचे शब्द सांगितले आणि वहिनींनी दुसऱ्या दिवशी चाकणला येऊन एसटी धरली.

सरूने पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर वहिनी म्हणाल्या, “भावजी, पेटी काढा.”

“पेटी बिघडलीय.”

“जशी हाय तशी काढा.”

मी सरूकडे बघितलं. तिने स्टूल ओढून माळ्याखाली ठेवलं. मग काय करणार, काढली.

वाजवायला लागलो. पहिल्या ओळीलाच दोघींच्या माना एकदम वळल्या, माझ्या डाव्या खांद्याकडे. वहिनींनी पदर तोंडावर धरला. त्यांचे ओठ शब्दांबरोबर हलत होते आणि मी त्या ओठांवरून ओळखत होतो, ज्ञानदेव कुठे आला. माझ्या डाव्या बाजूची सतरंजी रिकामी होती. माणूस बसला की ती जशी दबते तशी दबलेली नव्हती, मी नीट बघितलं. शेवटचं कडवं आलं. सम आली आणि माझं बोट सवयीने पडलं.

वहिनींचे ओठ उघडेच राहिले. मग त्या म्हणाल्या, “हितं तुमी आधी येता.”

“सम तिथंच आहे, वहिनी.”

“सम आसंल. त्याची ओळ संपली न्हवती.” त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. मग त्यांची नजर माझ्या पायाकडे गेली. मांडी घातलेली, उजवा पाय वर. “भावजी, त्या दिसी पॅडलवर पाय कुनाचा व्हता?”

मी दहा वर्षं या प्रश्नाची उत्तरं घोकली होती. तेल आणायला गेलो होतो, शेडमध्ये अंधार होता, त्यानेच घाई केली. त्यातलं एकही तोंडातून निघेना. शेजारी तो बसला असताना कसं निघणार?

“माझा,” मी म्हणालो. “तो गात होता हे मला कळत होतं. तरी दाबलं.”

सरू भिंतीला टेकली. वहिनी रडतील असं मला वाटलं, शिव्या देतील असं वाटलं. मला त्या हव्याच होत्या. पण त्या नुसत्या बोलत राहिल्या, हळू आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारख्या. “धा वर्सं मी त्याच्यावर राग धरला. आपल्याच पायानं आपला हात घालवला, आन मला उघड्यावर टाकून गेला म्हनून. सनासुदीला त्याचं नाव काढलं न्हाई. पोरगं इचारतं, आये, माझा बा एवढा येडा व्हता का गं? मी म्हनायची, व्हय, येडाच व्हता.”

मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. मी एका माणसाचा हात घेतला, मग जीव, मग चाल. पण त्याच्या घरातून त्याचं नावही मी नेलं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

“पुन्हा वाजवा,” वहिनी म्हणाल्या. “आन आता थांबा.”

मी वाजवलं. साथीला पुढे जायचं नसतं, एवढंच ध्यानात धरलं. शेवटचं कडवं आलं. सम आली, मी बोट उचललं. डाव्या हाताने भाता हलवत राहिलो, नुसती हवा आत-बाहेर. दुसरी सम आली. वहिनींनी हाताचा पंजा माझ्यापुढे धरला, थांबा म्हणून. तिसरी गेली. घरात पंखासुद्धा नव्हता, शेजारचा रेडिओ बंद होता, मला कशाचाही आवाज येत नव्हता. त्या दोघी एकाच जागेकडे बघत होत्या आणि दोघींच्या डोळ्यांतून एकाच वेळी पाणी आलं.

मग वहिनींनी हात खाली घेतला. “या आता.”

मी षड्जावर बोट ठेवलं.

पेटीतला सूर विरून गेल्यावर मी विचारलं, “वहिनी, शेवटची ओळ काय होती?”

त्यांनी डोळे पुसले, पिशवी उचलली. “ती माझी व्हती, भावजी,” म्हणाल्या. “तुमी पोराला यून सांगा, पाय कुनाचा व्हता ते.” एवढं बोलून त्या दाराबाहेर पडल्या. सरू चप्पल घालून त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेली आणि दिवेलागणीला परत आली.

पुढच्या रविवारी मी निघोज्याला जाऊन पोराला सांगितलं. तेरा वर्षांचं पोर, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढून उचलून नेला. कारखान्यातही लेखी दिलं. साहेब म्हणाले, ओव्हाळ, जुन्या फायली कशाला उकरता? आणि माझा कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

सरूनेही ती ओळ ऐकली आहे. मी तिला खूपदा विचारलं, चांगल्या बोलाने विचारलं, भांडूनही विचारलं. ती वाढायचं ते वाढते, धुवायचं ते धुते, सांगत मात्र नाही.

त्या दुपारनंतर ज्ञानदेव कुणालाच ऐकू आला नाही. आता मी खरोखर एकट्याने वाजवतो. लोक माझ्याकडे बघतात, हारही मला पडतो. शेवटी मी जाहीर करतो, ‘ही चाल ज्ञानदेवची, निघोज्याच्या,’ आणि सुरू करतो. शेवटच्या कडव्याशी येऊन बोट उचलतो आणि थांबतो. एक सम जाते, दुसरी जाते. लोकांना वाटतं पेटीवाला विसरला. मागून कुणीतरी ओरडतं, “वाजवा की राव.” पण ओळ संपली की नाही, ते मला कोण सांगणार?